महिला मंडळात नव्याने आलात? पहिलं वर्ष एकमेकींना धरून काढायचं ते असं

लग्न होऊन गावात आलेली सून, बदलीवर आलेल्या पाळकांची पत्नी, नुकताच बाप्तिस्मा घेतलेली एखादी बाई. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्यासारख्या खेड्यांच्या ख्रिस्ती मंडळ्यांत, म्हणजे चर्चमध्ये, अशा एक-दोघी दरवर्षी महिला मंडळात नव्याने बसू लागतात. गाणी त्यांना लवकर येतात, उपासनेचा क्रम महिन्याभरात अंगवळणी पडतो. पण कोणत्या कामाला हात लावण्याआधी कोणाला विचारायचं, कोणती गोष्ट ऐकून तिथेच ठेवायची, मन दुखलं तर कोणाच्या दारात जायचं, हे कोणी शिकवत नाही. ते ठेच लागूनच कळतं.

माझी ठेच सांगते. माझं माहेर अमरावतीचं. तिथे मी रविवारची शाळा घ्यायची. सासरी आले त्या पहिल्याच नाताळाला पाळकसाहेब म्हणाले, "सूनबाई, मुलांचं नाटुकलं यंदा तुम्ही बसवा." मी हौसेनं बसवलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. पुढच्या रविवारी पेटीच्या कपाटाची चावी सापडेना. त्याच्या पुढच्या रविवारीही नाही. मुलांनी पेटीशिवाय गाणी म्हटली, आणि मागच्या चटईवरच्या एका मावशींनी माझ्याकडे मान वर करून पाहिलं नाही. सोळा वर्षं ते नाटुकलं त्याच बसवत होत्या, हे मला दोन वर्षांनी कळलं. पाळकांनी त्यांना सांगितलं नव्हतं, मी विचारलं नव्हतं, आणि त्यांनी तोंडानं काही न बोलता चावी तेवढी ठेवून घेतली होती. शेवटी मी त्यांच्या घरी गेले, तेव्हा त्या म्हणाल्या, "तू इचारलं असतं तं म्याच पेटी धरली असती."

"बाईच बाईची वैरीण" असं आपल्याकडे पटकन म्हणतात. मला ते मान्य नाही. मंडळीत बायकांच्या वाट्याला कामं येतात ती मोजकी: चटया, फुलं, भात, एखादं गाणं. त्या कामांबरोबर येणारा मानही मोजकाच, आणि कोणाला काय द्यायचं ते बहुतेक वेळा कमिटीतले पुरुष ठरवतात. अशा वेळी एकीला मिळालं की दुसरीला आपलं गेलं असं वाटतं. हे ओळखून चाललं तर निम्मी भांडणं सुरूच होत नाहीत. उरलेल्या निम्म्यांसाठी पुढच्या पायऱ्या.

पहिली पायरी: तीन महिने विचारत फिरा

एक वही घ्या. मंडळीत कोणकोणती कामं होतात आणि ती कोण करतं, ते लिहून काढा. प्रभुभोजनाच्या मेजावरचं कापड कोण धुतं? पेले कोण मोजून ठेवतं? घंटा, चटया, आजाऱ्याच्या घरची भेट, परगावाहून आलेल्या पाळकांचं जेवण? ज्या कामाला वरवर कोणी धनी दिसत नाही, त्यामागेही बहुतेक वेळा कोणीतरी असतं.

आमच्याकडे एक सून नागपूरहून लेसचं सुंदर कापड घेऊन आली आणि रविवारी सकाळी मेजावर घालून मोकळी झाली. जुनं पांढरं कापड एक आजी वर्षानुवर्षं नीळ घालून धुवून आणत होत्या. त्या रविवारी त्या घडी केलेलं कापड पदराखाली धरून बसल्या आणि तसंच घरी घेऊन गेल्या. सुनेची चूक काय? देणं चांगलं, कापडही चांगलं. तेच कापड शनिवारी आजींच्या घरी नेऊन "आजी, हे नाताळाले घालायचं काय?" एवढं विचारलं असतं, तर आजींनी स्वतःच्या हातानं ते अंथरलं असतं.

म्हणून या तीन महिन्यांत नवी सूचना करू नका. "आमच्या माहेरी असं करतात" हे वाक्य तर वर्षभर तोंडातच ठेवा. सूचना खरंच चांगली असेल तर आधी ते काम करणाऱ्या बाईला एकटीला सांगा. तिला पटली तर बैठकीत तिनेच मांडावी.

जुन्या बायांसाठीही इथे काम आहे. बायबलमध्ये लूकच्या पहिल्या अध्यायात येशूची आई होणारी मरीया अलीशिबेच्या घरी जाते. अलीशिबा वयानं मोठी, याजकाची बायको, उभी हयात मूल नाही म्हणून बोलणी खाल्लेली आणि आता कुठे दिवस गेलेले. दारात आलेल्या कोवळ्या पोरीचा मान आपल्यापेक्षा मोठा आहे, हे तिला कळतं आणि ती मोठ्यानं तिला आशीर्वाद देते. मरीया तिच्याकडे सुमारे तीन महिने राहिली. नव्या सुनेला पहिले तीन महिने असं एक घर मिळावं. अध्यक्षबाईंनी एका मोठ्या बाईला सांगून ठेवावं: ही तुमची पोर, रविवारी हिला तुमच्याजवळ बसवा.

दुसरी पायरी: सभेची वेळ कोणाच्या सोयीची आहे ते पाहा

हे लहान वाटतं, पण आमच्याकडे निम्मा दुरावा याच्यातून आला. दुपारी तीनची सभा मास्तरणींना आणि घरी असणाऱ्या बायांना सोयीची. ऑक्टोबरात सोयाबीनची सोंगणी, त्याच्यामागे कापसाची वेचणी. वेचणीला गेलेली बाई अंधार पडता पडता घरी येते, मग चूल पेटवते. ती सभेला आली नाही की वहीत गैरहजेरी लागते, आणि वर्षाअखेरीस "ह्या बायांले प्रार्थनेची आवडच नाही" असं कोणीतरी म्हणतं. मजुरीवर जाणाऱ्या बाया ते ऐकतात आणि मग खरंच यायच्या थांबतात.

आम्ही वेचणीच्या दिवसांत सभा रात्री आठला घेतो, पाऊण तासात संपवतो, आणि ती वस्तीतल्याच कोणाच्या अंगणात. चहा ठेवत नाही, म्हणजे ज्या घरी सभा असते तिच्यावर खर्चाचा भार नाही आणि कोणी काय दिलं याची तुलनाही नाही. उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसला टेकतो, तेव्हा सकाळी साडेसहाला. जिल्ह्याच्या ठिकाणी मेळावा असला तर एस.टी.नेच जायचं ठरवा. १७ मार्च २०२३ पासून बायांना एस.टी.त अर्धं तिकीट आहे, तेव्हा कोणाच्या गाडीत कोणाला जागा मिळाली हा रुसवाही राहत नाही.

तिसरी पायरी: पहिलं काम जोडीनं घ्या

येशूनं शिष्यांना दोघा-दोघांना पाठवलं, हे आपण पुरुषांच्या सुवार्ताफेरीला लावतो आणि बायांना मात्र एकटं काम देतो. नव्या बाईनं पहिलं काम एकटीनं घेऊ नये. जोडी लावताना एक गोष्ट बघा: जिला एक येतं तिला दुसरी द्या, जिला दुसरं येतं.

आमच्याकडे पासष्टीच्या पुढच्या कित्येक बायांना अक्षरओळख नाही, पण 'उपासना संगीत' या गीतांच्या पुस्तकातली गाणी त्यांना शेवटच्या कडव्यापर्यंत पाठ आहेत आणि चाली तर जुन्यातल्या जुन्या. शिकलेल्या सुनेला वाचता येतं, चाल येत नाही. या दोघींना एकत्र बसवलं की वचन एक वाचते, गाणं दुसरी उचलते, आणि कोणीच कोणाच्या जागेवर बसत नाही. पंडिता रमाबाईंचं बायबलचं भाषांतर त्यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, १९२४ साली केडगावच्या मुक्ती मिशनच्या छापखान्यातून निघालं. छपाईचे खिळे जुळवण्यापासूनची तिथली कामं मिशनमधल्या बायामुलींनी केली. त्यांतल्या कित्येक जणी दुष्काळातून, टाकलेल्या अवस्थेत तिथे आलेल्या होत्या. आलेल्या बाईला पाहून "तिले काय येते?" असं तिथे विचारत बसले असते, तर ते पुस्तक झालंच नसतं.

जोडीत एक अडचण हमखास येते: प्रार्थनेची पद्धत. कोणी अकोला-खामगावकडच्या अलायन्स मंडळीतून आलेली, कोणी सीएनआयच्या, म्हणजे उत्तर भारताच्या मंडळीच्या, घरात वाढलेली, एखादीचं माहेर कॅथलिक. एक डोळे मिटून हलक्या आवाजात प्रार्थना करते, एक हात वर करून मोठ्यानं. "देखावा करते" आणि "हिच्यात जीवच नाही" ही दोन्ही वाक्यं मी एकाच सभेनंतर ऐकली आहेत. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात उत्तर भारताची मंडळी स्थापन झाली तेव्हा सहा वेगवेगळ्या मंडळ्या एकत्र आल्या. बाळांना बाप्तिस्मा देणाऱ्याही त्यांत होत्या आणि कळत्या वयातच देणाऱ्याही, आणि दोन्ही रीती ठेवल्या गेल्या. एवढ्या मोठ्या गोष्टीत जे जमलं, ते आपल्या अंगणात दहा-बारा बायांना जमायला हवं.

चौथी पायरी: प्रार्थनेची विनंती आणि चुगली यातला फरक शिका

ही पायरी मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते, कारण इथे आपण पाप करत असतो आणि आपल्याला वाटतं की सेवा करतो आहोत.

सभेत विनंत्या सुरू होतात. एक बाई डोळ्यांला पदर लावून म्हणते, "फलाण्या वहिनीसाठी प्रार्थना करा, तिच्या घरी फार अशांती आहे, नवरा रात्री येत नाही म्हणतात." सगळ्या "अरेरे" करतात. प्रार्थना दोन मिनिटं होते, चर्चा अर्धा तास. दुसऱ्या दिवशी ती गोष्ट विहिरीवर आणि तिसऱ्या दिवशी त्या वहिनीच्या सासूच्या कानावर. वहिनी पुढे कधी सभेत तोंड उघडत नाही.

आमच्या मंडळात आता नियम असा आहे: विनंती ज्याची त्यानंच सांगायची. दुसरीची सांगायची असेल तर तिला आधी विचारायचं, "सभेत सांगू काय? किती सांगू?" तिनं नाही म्हटलं तर नाव न घेता "एका बहिणीसाठी" एवढंच. आजारपण, विशेषतः बाईपणाचं, मूल न होणं, कर्ज, मुलामुलीचं जमलेलं-मोडलेलं लग्न, हे तर विचारल्याशिवाय बिलकुल नाही.

नव्या बाईसमोर आणखी एक परीक्षा येते. पहिल्या महिन्यातच कोणीतरी जवळ बसून तिला सावध करते: "तिच्यापासून दूर राय, ती तशी आहे." ऐकून घेणं म्हणजे एका बाजूला बसणं. तोंडावर वाईट न बोलता तिथून उठता येतं. मी वापरते ती वाक्यं देते: "मले अजून कोनी माहीत नाही वो मावशी, हळूहळू कळन." किंवा, "आपण दोघी मिळून तिच्याकडे जाऊ काय?" दुसऱ्या वाक्यानं चुगली हमखास थांबते, आणि एखाद वेळी खरोखर दोघी जाऊनही येतात.

चुगली करणाऱ्या बाईचं काय करायचं? बायबलमधल्या गणना पुस्तकाच्या १२ व्या अध्यायात मोशेची बहीण मिर्याम त्याच्या बायकोवरून बोलते आणि तिला कोड भरतं. सात दिवस तिला छावणीबाहेर ठेवतात. आपण गोष्ट तिथेच सोडतो. पुढचं वाक्य असं की तिला परत आत आणेपर्यंत लोकांनी मुक्काम हलवला नाही. सगळे एका बाईसाठी थांबले. आपल्याकडे बोलघेवड्या बाईला एकदा बाजूला केलं की वर्षानुवर्षं कोणी तिच्या दारात जात नाही. सात दिवस पुरेत.

एक गोष्ट मात्र या नियमाच्या बाहेर आहे. एखादी बहीण तुम्हाला सांगते की घरी मारहाण होते, किंवा तिच्या पोरीला कोणी त्रास देतं, तर "गुपित ठेवते" म्हणून गप्प बसू नका आणि "सोस, प्रार्थना कर" एवढ्यावर तिला परत पाठवू नका. सभेत सांगू नका, पण तिच्याबरोबर उभ्या राहा. महिलांची हेल्पलाइन १८१ आहे, मुलांसाठी १०९८, तातडीला ११२. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यानं तिला संरक्षण अधिकाऱ्याकडे तक्रार करता येते. तिच्या संमतीनं फोन लावताना शेजारी बसायला कोणीतरी हवं असतं. त्या वेळी ते तुम्ही व्हा.

फोनच्या ग्रुपबद्दल थोडं

ग्रुपवर फक्त सभेची वेळ, वचन आणि निधनाची-आजाराची बातमी. कोणाची चूक ग्रुपवर सुधारू नका, गाण्याचा आकडा चुकला असला तरी. फोटो टाकताना सगळ्या दिसतात का ते बघा, चुलीपाशी असलेल्या बाया फोटोत कधीच नसतात. आणि ज्यांच्याकडे फोन नाही, त्यांच्या दारात निरोप कोण पोचवणार ते नाव घेऊन ठरवा. "मले कोनी सांगतलंच नाही" या तक्रारीत बहुतेक वेळा खरं असतं.

पाचवी पायरी: मन दुखलं तर आधी तिच्याच दारात जा

मत्तयाच्या १८ व्या अध्यायात क्रम दिलेला आहे: आधी एकट्यानं त्याच्याकडे, मग एक-दोघांना घेऊन, मग मंडळीकडे. आपण उलटं करतो. आधी नवऱ्याला सांगतो, नवरा कमिटीत बोलतो, कमिटी पाळकांकडे जाते, आणि जिच्याशी बोलायचं ती शेजारच्या गल्लीत असूनही तिला सगळ्यांत शेवटी कळतं. दोन बायांमधली साधी गोष्ट दोन घराण्यांची होते.

मार्थेचंही असंच झालं. येशू घरी आला तेव्हा मार्था कामात गुंतली, तिची बहीण मरीया (ही दुसरी मरीया) त्याचं ऐकत बसली, आणि मार्थेनं तिची तक्रार त्याच्याकडे केली. "तू मार्था, मी मरीया" असं म्हणून कामाच्या बाईला टोमणे मारतात ते मला आवडत नाही. मार्थेचं काम वाईट नव्हतं. ख्रिस्ताबद्दलची मोठी कबुली योहानाच्या ११ व्या अध्यायात तिच्याच तोंडी आहे. मला दिसतं ते एवढंच, की मरीया त्याच घरात बसलेली असताना तिच्याशी न बोलता ती तिच्याबद्दल प्रभूशी बोलली.

जाताना काय करायचं: चार दिवस जाऊ द्या, पण महिना नको. संध्याकाळच्या स्वयंपाकाच्या वेळी जाऊ नका. घरात सासू-नणंद असतील तर तिला शेतावर किंवा वाटेवर गाठा. "तुम्ही असं केलं" असं सुरू न करता "मले असं वाटलं, तसंच होतं काय?" असं विचारा. दहातल्या सात वेळा तसं नसतं.

दोघींचं नाहीच जुळलं तर तिसरी घ्या. फिलिप्पैकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात प्रेषित पौल युवदीया आणि सुंतुखे या दोघींना नाव घेऊन एकचित्त व्हायला सांगतो. भांडण कशाचं होतं, चूक कोणाची होती, हे तो लिहीत नाही. दोघींनी माझ्याबरोबर सुवार्तेसाठी श्रम केले असं म्हणतो, आणि एका सोबत्याला सांगतो की या दोघींना मदत कर. तिसऱ्या बाईनं न्याय करायला बसू नये, दोघींची कामं आठवून द्यावीत. ती दोघींपैकी कोणाचीही नातेवाईक नसावी, आणि आमच्याकडे सगळ्याच एकमेकींच्या नात्यातल्या, तेव्हा कधी कधी शेजारच्या गावच्या मंडळीतली बाई बोलवावी लागते.

सहावी पायरी: दुसरीचं नाव मोठ्यानं घ्या

रोमकरांस पत्राच्या १६ व्या अध्यायाची सुरुवात पौल फिबीची ओळख करून देत करतो. ती मंडळीची सेविका आहे, तिला लागेल ती मदत करा, कारण तिनं पुष्कळांना आणि मलाही साहाय्य केलं आहे. अशी ओळख आपण एकमेकींची करून द्यावी. हंगामाच्या सणाला ज्वारीची कणसं, तूर, कापूस, कोंबडी असं अर्पण येतं, मग त्याचा हर्रास होतो आणि मोठी बोली लावणाऱ्यांची नावं घेतली जातात. ज्या बाया आदल्या रात्री बारापर्यंत मंडळी सारवून-सजवून गेल्या, त्यांची नावं कोण घेणार? अहवाल लिहिणाऱ्या चिटणीसबाईंनी "महिला मंडळाने सहकार्य केले" असं लिहू नये. कोणी काय केलं ते नावानिशी लिहावं.

आणि मागे बसवलेल्या बाया बघा. नवरा गेलेली बाई आपल्या ख्रिस्ती घरांतही हळदीला मागे सरकते. कोणी तिला सांगत नाही, तिची तीच सरकते. आमच्या भागात कर्जापायी नवरा गमावलेल्या तरण्या बाया आहेत. त्यांना "बिचारी" म्हणून धान्याची पिशवी देणं आपल्याला जमतं, पण सभेचं पुढारीपण द्यायला जीव कचरतो. रमाबाई स्वतः विधवा होत्या. बायबलमधल्या यापो गावात कपडे शिवून देणारी दुर्कस मेली तेव्हा विधवा तिनं केलेले कपडे येशूचा शिष्य पेत्र याला दाखवत रडत उभ्या होत्या. तिनं त्यांना कपडे दिले, आणि तिचं काम काय होतं ते सांगणाऱ्या त्याच होत्या.

मार्चच्या पहिल्या शुक्रवारी जागतिक प्रार्थना दिन असतो. दरवर्षी एका देशातल्या बाया त्या दिवसाची उपासना तयार करतात: २०२५ ची कुक बेटांवरच्या बायांनी केली, २०२६ ची नायजेरियातल्या. भाग वाटून देण्यासाठी हा दिवस सगळ्यांत चांगला, कारण त्यात वाचनं, प्रार्थना, गाणी असे पुष्कळ तुकडे असतात. नव्या सुनेला एक, नवरा गेलेल्या बाईला एक, वेचणीवाल्या बायांना एक. पंधरा दिवस आधी कागद हातात द्या आणि एकदा बसून तालीम करा. ऐनवेळी कागद देऊन अडखळायला लावणं हाही पाय ओढण्याचाच प्रकार आहे.

वर्षाच्या शेवटी: काम देऊन टाकायला शिका

वर्ष झालं की तुम्हीही जुन्या झालात. कुठलंतरी काम आता तुमच्या नावावर आहे. त्याच दिवसापासून ते कोणाला द्यायचं याचा विचार सुरू करा. बचत गटात अध्यक्ष-सचिव बदलतात, वही सगळ्यांपुढे वाचली जाते, तशी महिला मंडळाची अर्पणाची वहीही सगळ्यांपुढे वाचा. हिशेब एकीच्याच पिशवीत राहिला की संशय येतो, मग ती कितीही प्रामाणिक असो.

काम देताना घरी जाऊन द्या, माहीत असेल ते सगळं सांगा, आणि पहिल्या वेळी मागे बसा. मध्ये बोलू नका. तिचं चुकेल, तेव्हा सगळ्यांच्या नजरा तुमच्याकडे वळतील. त्या वेळी तुमचा चेहरा कसा आहे, यावर तिचं पुढचं वर्ष ठरतं.

मागच्या नाताळाआधी पेटीच्या कपाटाची चावी मी आमच्या मंडळीतल्या नव्या सुनेच्या घरी नेऊन दिली. मावशींनाही बरोबर घेतलं होतं, आता त्यांना काठी लागते. पेटीचा भाता कुठे फाटला आहे आणि वरच्या सप्तकातला कोणता सूर दाबला की अडकतो, ते त्यांनीच तिला दाखवलं.